मदत हवी आहे : पाणथळीशेजारच्या इमारतींवर काय मत द्यावं?

आम्ही नेरूळला, पामबीच रोडजवळ राहतो. सीवूड्सच्या पाणथळीलगत टॉवरचा विषय परत निघालाय (२०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या गोल्फ कोर्स आणि घरांविरुद्ध निकाल दिला होता, तरी!) आणि सोसायटीने लेखी मत मागितलंय.

ओहोटीला फ्लेमिंगो ठाणे खाडीच्या चिखलात चरतात, भरती चढली की इथे येऊन थांबतात. काल सकाळीच पाहिले, एका पायावर उभे, चोच पिसांत खुपसून. खाडीचं अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) आहे. या पाणथळी मात्र त्याबाहेर.

भाची तीन वर्षं घर शोधतेय, त्यामुळे सरसकट ‘नको’ म्हणायला जीभ रेटत नाही. अर्थात टॉवरमधलं घर तिला कुठलं परवडायला!

हरकतीत भर कशावर द्यावा, पक्ष्यांवर की पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यावर? विकास आराखड्याचा नकाशा समजावून सांगेल असं कुणी आहे का? शनिवारी मीटिंग आहे.