मदत हवी: मायक्रोसिस्टिस घातल्यावर मोइना हरते, रोटिफर जिंकतात. पण ही स्पर्धाच आहे हे दाखवायचं कसं?

पाणपिसू:
नमस्कार मंडळी. एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. मायक्रोसिस्टिससारख्या विषारी नीलहरित शैवालाचा ब्लूम (दाट वाढ) आला की मोठ्या क्लॅडोसेरनचं, म्हणजे मोइना-डॅफ्नियासारख्या पाणपिसवांचं, वर्चस्व मोडून रोटिफर हे बारीक प्राणी डोकं वर काढतात का, हा प्रश्न.

मांडणी: बरणीत ५० मिली माध्यम, २५ अंश तापमान. मोइना मॅक्रोकोपा १० आणि ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस (रोटिफर) ५०, एकत्र. कंट्रोलला मिलीमागे १० लाख क्लोरेला (हिरवं शैवाल, नेहमीचं अन्न) पेशी. ट्रीटमेंटला ५ लाख क्लोरेला आणि ५ लाख मायक्रोसिस्टिस. मायक्रोसिस्टिस तळ्यातून आणून बीजी-११ या शैवाल वाढवायच्या माध्यमात वाढवलंय, तेच थेट पिपेटने घालते. तीन-तीन बरण्या.

कंट्रोलमध्ये मोइना माजते आणि रोटिफर संपतात. ट्रीटमेंटमध्ये सहाव्या दिवसापर्यंत मोइना साफ, रोटिफर शिल्लक. गाईड विचारतात, "यात स्पर्धा कुठे दिसली?" शिवाय रोज सकाळी पाण्यावर हिरवी साय असते आणि तिच्यात मोइना अडकलेल्या. काय चुकतंय?

गढूळपाणी:
गाईडचं बरोबर आहे. दोन्ही प्राणी एकत्रच ठेवलेत, एकेकटे ठेवलेच नाहीत. मोइना मेली ती विषाने, उपासमारीने की सायीत अडकून, हे तुमच्या बरण्या सांगू शकत नाहीत. रोटिफर टिकले ते शेजारीण गेली म्हणून, की त्यांना मायक्रोसिस्टिस मुळात कमी बाधतं म्हणून, तेही नाही.

आणखी एक गफलत. मायक्रोसिस्टिस घालताना क्लोरेला निम्मं केलंत, म्हणजे विष आणि उपास एकदम दिलेत. वर पेशी मोजून दिल्यात, घनफळ धरलं नाही. क्लोरेलाची पेशी ४ मायक्रॉन व्यासाची असेल तर घनफळ साधारण ३३ घन मायक्रॉन, मायक्रोसिस्टिस ५ मायक्रॉनची असेल तर ६५. व्यास एकाने वाढला की माल दुप्पट. ५ लाख क्लोरेलाच्या जागी ५ लाख मायक्रोसिस्टिस म्हणजे दुप्पट घनफळ झालं. आधी दोन्हींच्या पन्नासेक पेशींचे व्यास मोजा.

अन्नाचे पाच प्रकार करा: पूर्ण क्लोरेला (१० लाख), निम्मं क्लोरेला (५ लाख), निम्मं क्लोरेला अधिक तितक्याच घनफळाचं मायक्रोसिस्टिस (वरच्या मापाने अडीच लाखांच्या आसपास), नुसतं मायक्रोसिस्टिस आणि बिनअन्नाचं पाणी. मोइना एकटी आणि ब्रॅकिओनस एकटा, हे पाचही अन्नांवर. एकत्र फक्त पहिल्या तिनांवर. तेरा प्रकार, प्रत्येकी चार बरण्या, एकूण ५२. जास्त वाटतील, पण यातली एकही वगळू नका. एकटे ठेवताना सुरुवातीची संख्या तीच ठेवा, १० आणि ५०.

वाचायचं असं. नुसत्या मायक्रोसिस्टिसवरची मोइना उपाशी मोइनेच्या आधी मेली तर ते विष. दोघी बरोबरच मेल्या तर ते फक्त निकृष्ट किंवा न खाल्लेलं अन्न. नीलहरित शैवालात स्टेरॉल जवळपास नसतात आणि लांब साखळीची असंतृप्त मेदाम्लंही तुटपुंजी, त्यामुळे बिनविषारी स्ट्रेनवरही (वाणावरही) क्लॅडोसेरन नीट वाढत नाहीत. खरी तुलना दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराची, कारण तिथे चांगलं अन्न सारखंच आहे.

रोटिफरवाली:
सायीबद्दल. मायक्रोसिस्टिसच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, त्यामुळे ते वर तरंगतं आणि क्लोरेला तळाशी बसतं. न हलवलेल्या बरणीत काही तासांनी मोइनेला दोन्हींतलं काहीच धड मिळत नाही. सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने तळापासून हळू ढवळा, बुडबुडा येऊ देऊ नका. क्लॅडोसेरनच्या कवचाखाली हवा शिरली की ती पृष्ठभागाला चिकटतात आणि तिथेच मरतात. सिटाइल अल्कोहोलचा चिमूटभर कीस पाण्यावर टाकला की अडकणं बरंच कमी होतं. टाकलात तर ५२ही बरण्यांत टाका.

रोज नवं माध्यम देताना ५० मायक्रॉनची जाळी वापरा, पण जाळी कायम पाण्यात बुडालेली हवी. बशीत पाणी घेऊन त्यात जाळीची नळी उभी करायची आणि बाहेरून पाणी ओढायचं. सुट्या पेशी निघून जातात, प्राणी राहतात. वसाहती मात्र जात नाहीत, त्या आधीच गाळून काढा.

बीजी-११ थेट ओतणं आजपासून बंद. त्यात लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं आणि जास्त मायक्रोसिस्टिसच्या बरणीत ते जास्त जातं, म्हणजे माध्यमाचाही फरक पडला. पेशी वेगळ्या करून प्राण्यांच्या माध्यमात पुन्हा मिसळा. सेंट्रिफ्यूजमध्ये त्या खाली बसत नाहीत म्हणून घाबरू नका. जाड प्लॅस्टिकची बाटली काठोकाठ भरून घट्ट बूच लावा आणि बुचावर हातोडीचा एक ठोका द्या. दाबाने पोकळ्या फुटतात, रंग डोळ्यांदेखत गडद होतो आणि पेशी खाली बसतात. जर्मन शास्त्रज्ञ क्लेबानने १८९५ मध्ये केलेला हा प्रयोग अजून कामाला येतो. पोकळ्या एक-दोन दिवसांत पुन्हा तयार होतात, म्हणून ढवळणं चुकवू नका.

उजेड मंद ठेवा. प्रखर उजेडात दाट शैवाल दुपारपर्यंत सामू (पीएच) १० च्या वर नेतं आणि मग मरणाचं कारण भलतंच निघतं.

पाणपिसू:
धन्यवाद. ५२ बरण्या ऐकून धडकी भरली, पण पटलं. एक निरीक्षण सांगायचं राहिलं: मेलेल्या काही मोइना जुन्या कातेतच अर्धवट अडकलेल्या दिसल्या. हे मायक्रोसिस्टिन या मायक्रोसिस्टिसच्या विषामुळे का?

काचपट्टी:
बहुधा नाही, आणि निरीक्षण अगदी मोलाचं आहे. मायक्रोसिस्टिन प्रथिन फॉस्फेटेज १ आणि २ए या एन्झाइमांना रोखतं. कात अडकणं ही प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) रोखणाऱ्या दुसऱ्या पेप्टाइडांची खूण असते. मायक्रोव्हिरिडिन जे हे त्यातलं एक, डॅफ्नियात त्याने कात टाकण्याची क्रिया बिघडते. मायक्रोसिस्टिस म्हणजे मायक्रोसिस्टिन हे समीकरण सोडा. अहवालात "मायक्रोसिस्टिनमुळे" न लिहिता "या स्ट्रेनमुळे" लिहा. मायक्रोसिस्टिन बनवण्यासाठी लागणाऱ्या एमसीवायई जनुकाची पीसीआर चाचणी फक्त क्षमता सांगते, एलायझा चाचणी विषाचं प्रत्यक्ष प्रमाण सांगते. शक्य असेल तर पीसीसी ७८०६ ही मायक्रोसिस्टिसची स्ट्रेन आणि तिचा मायक्रोसिस्टिन न बनवणारा म्युटंट मिळवा. डॅफ्निया गॅलिएटावर या जोडीतली मूळ स्ट्रेन मारक ठरली, म्युटंट ठरला नाही. खाणं मात्र दोन्हींवर मंदावलं.

हे खाणं मंदावणं डोळ्यांनी दिसतं. मोइना कॉन्केव्ह काचेवर एका थेंबात घ्या, ४० पट मोठी करून पाहा. क्लोरेलावर आतडं गर्द हिरवं आणि भरलेलं, पायांची लय एकसारखी. मायक्रोसिस्टिसवर आतडं फिकट किंवा तुटक भरलेलं दिसेल आणि मागचा नखांचा भाग पुढे येऊन तोंडाशी जमलेला गोळा झटकून टाकेल. मिनिटाला किती झटके, ते दहा-दहा माद्यांवर मोजा. रोटिफर इतके का टिकतात ते इथेच उमगतं. मोइना गाळणीसारखी जे येईल ते ओढते आणि घास बिघडला की अख्खा टाकते, चांगल्या पेशींसकट; रोटिफर त्यामानाने कण निवडून खातात.

पाणपिसू:
आणि आकडेमोड? शेवटच्या दिवशीची संख्या पुरेल का?

गढूळपाणी:
नाही. वाढ चालू असतानाचा दर काढा: शेवटच्या आणि सुरुवातीच्या संख्यांच्या नैसर्गिक लॉगमधला फरक भागिले दिवस. स्पर्धेचा फटका म्हणजे एकटं असतानाचा दर वजा एकत्र असतानाचा दर. पूर्ण आणि निम्म्या क्लोरेलावर ब्रॅकिओनसला मोठा फटका आणि तिसऱ्या प्रकारात जवळपास शून्य, असं निघालं तर स्पर्धेतून सुटका झाली असं म्हणता येईल, जरी मायक्रोसिस्टिसमुळे ब्रॅकिओनसचा एकट्याचा दरही घसरलेला असला तरी. अनोव्हा या सांख्यिकी चाचणीत अन्न आणि प्रतिस्पर्धी यांची आंतरक्रिया बघा, सुटे परिणाम नव्हे. फटक्यात दोन गोष्टी असतात: अन्न संपवणं आणि रोटिफर पाण्याच्या प्रवाहाबरोबर कवचात ओढले जाऊन चिरडणं. दुसरी मुख्यतः मोठ्या डॅफ्नियाची, मोइना लहान म्हणून कमी.

मोइना कुठली आहे? मत्स्यालयाच्या दुकानातली असेल तर निष्कर्ष रंकाळ्याला किंवा उजनीला लावू नका. युरोपातल्या लेक कॉन्स्टन्सच्या गाळातली डॅफ्निया गॅलिएटाची जुनी सुप्त अंडी उबवून १९९९ मध्ये दाखवलं गेलं की तलाव शैवालाने भरू लागल्यावर काही वर्षांतच तिथली डॅफ्निया जास्त सोशिक झाली होती. त्याच तळ्यातली मोइना आणि त्याच तळ्यातलं मायक्रोसिस्टिस घ्या. दोन पिढ्या क्लोरेलावर वाढवा, मग २४ तासांच्या आतली पिल्लं वापरा.

रोटिफरवाली:
तळ्यातले नुसते नमुने पुरावा म्हणून जोडू नका. ब्लूमच्या हंगामात माशांची पिल्लंही मोठे क्लॅडोसेरन वेचून खातात, परिणाम हुबेहूब तसाच दिसतो.

पाणपिसू:
शेवटचं. वापरलेलं पाणी ऑटोक्लेव्ह करून ओतलं तर चालेल ना?

काचपट्टी:
पेशी मरतील, पण मायक्रोसिस्टिन उष्णतेला दाद देत नाही, उलट फुटलेल्या पेशींतून पाण्यात उतरतं. एकूण पाण्याच्या दहावा हिस्सा ब्लीच घालून रात्रभर झाकून ठेवा, मग ओता. लवकर व्हावं म्हणून त्यात आम्ल घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. हातमोजे घाला, आणि पिपेट तोंडाने ओढायची सवय असेल तर या प्रकल्पापुरती तरी रबरी बल्ब वापरा.