महिन्याचा किराणा: सुपरमार्केट की नागपूरचा इतवारी बाजार?

तर्रीवाला_भाऊ
काल मनीषनगरातल्या एका सुपरमार्केटात महिन्याचा किराणा भरला. यादीत चौदा वस्तू, ट्रॉलीत निघाल्या एकतीस. बिल ४,२८० रुपये, आणि खाली ठळक अक्षरांत ‘आपली बचत ६१२’. जी बिस्किटं घ्यायचीच नव्हती, त्यांच्यावरची बचत! इतवारीत यादी टाकली की यादीतलंच सामान घरी येतं. त्यात १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबलवाल्या डाळ-तांदळावर ५ टक्के जीएसटी लागतो. पोत्यातल्या सुट्या मालावर तो नाही. तुरीची डाळ, चिन्नोर तांदूळ अन् तेलाचा पिपा आता इतवारीतूनच. द्या शिव्या.

गोकुळपेठची_सून
शिव्या नाही, प्रश्न विचारते. इतवारीची डाळ तुमच्या घरी निवडतं कोण?
लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचा ठरलेला दुकानदार होता. मी काउंटरच्या अलीकडे उभी, मागून आलेल्या पुरुषांचं सामान आधी बांधलं जायचं. डाळ दाखवा म्हटलं की ‘चांगलीच आहे वहिनी, घेऊन जा’. सुपरमार्केटात मी पाकीट उलटं करते, तारीख वाचते, नाही पटलं तर परत ठेवते. कोणी हूं की चूं करत नाही. एकतीस वस्तू काही ट्रॉलीने स्वतः उचलल्या नाहीत, दादा. अन् मे महिन्यात ४५ डिग्रीत इतवारीत गाडी लावायला जागा शोधून दाखवा.

काहून_बा
मी तं दोन्हीकडं जातो. पण मोठ्या पुड्याच्या नादी लागू नका बा. पाकिटावर आता वजनामागचा भाव छापलेला असते, तो पाहा. त्यात गंमत अशी की किलोच्या आतल्या पुड्यावर तो ग्रॅममागे अन् वरच्यावर किलोमागे. परवा कपड्याच्या पावडरच्या अर्ध्या किलोवर ०.१२ होतं, दोन किलोच्या पुड्यावर १२५. म्हणजे लहान पुडा १२० रुपये किलो पडला. तिथंच उभं राहून हिशेब केला, मागचा माणूस म्हणे, ‘भाऊ, सरका.’

तर्रीवाला_भाऊ
गाडीचा मुद्दा मान्य. पण बिल करताना मोबाइल नंबर मागतात त्याचं काय?

गोकुळपेठची_सून
नका देऊ. नंबरसाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. मी ‘नाही’ म्हणते, काउंटरवरची पोरगी पुढचं बटण दाबते. संपलं.

महालातला
अन् उधारी? २०२०च्या लॉकडाउनमध्ये पगार थांबला होता. तीन महिने आमचं घर कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या वहीवर चाललं. त्यानं एकदाही तोंडानं पैसे मागितले नाहीत. तेव्हा कोणती ट्रॉली आली असती?

गोकुळपेठची_सून
याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढंच, आमच्या वहीत काय लिहिलंय ते सासूबाईंना कधी वाचायला मिळालं नाही.

तर्रीवाला_भाऊ
बरं, रविवारी इतवारीत चाललो. भिवापुरी मिरची कोणाला पाहिजे?

काहून_बा
एक किलो.

गोकुळपेठची_सून
मला अर्धा. पण पोत्यात हात घालून, खालची काढून पाहा. त्याच्या शब्दावर घेऊ नका.