कलमाच्या घडी-चाकूचे लॉक: जास्त ताकदीचे घ्यावे की जास्त भरवशाचे?

प्रश्न: खुंटकाडी (राजापूर)

नमस्कार मंडळी.

राजापूर तालुक्यात आमची आंबा-काजूची छोटी रोपवाटिका आहे. पावसाळ्यात कोय कलमांचे आणि पुढे मृदुकाष्ठ कलमांचे काम सुरू असते, तेव्हा आमच्याकडची माणसे दिवसभर घडीचा चाकू हातात घेऊन बसलेली असतात. यंदाच्या हंगामात एका कामगाराच्या तर्जनीवर लायनर लॉकच्या चाकूचे (लॉक म्हणजे उघडलेले पाते मिटू न देणारी अडकण) पाते अचानक मिटले आणि त्याला टाके घालावे लागले. चाकू कोणत्या कंपनीचा होता हे मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एका कंपनीबद्दल बोलायचे नसून लॉकचा प्रकार समजून घ्यायचा आहे.

घटना अशी घडली की तो एका जाडसर खुंटाला (ज्या बुंध्यावर कलम बांधतात तो) पाचर कलमासाठी उभी चीर देत होता. पाते लाकडात अडकले, त्याने ते वरखाली हलवून सोडवण्याचा प्रयत्न केला आणि त्याच क्षणी लॉक सुटले. नंतर मी तो चाकू तपासला तेव्हा लॉक घट्ट बसत होते आणि पात्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबले तरी जागचे हलत नव्हते. जे लॉक तपासताना धरते, ते काम करताना का सोडते? बाजारात बॅक लॉक, फ्रेम लॉक, अॅक्सिस लॉक, ट्राय-अॅड लॉक अशी नावे ऐकू येतात. यांतले सर्वांत ताकदवान लॉक घेतले म्हणजे असा अपघात टळेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: टूलरूम_भोसरी

आपल्या कामगाराचे बोट लवकर बरे होवो. आपण घटनेचा जो तपशील दिला आहे त्यातच बरेचसे उत्तर आहे.

नेहमीच्या कापण्यात लॉकवर भार येतच नाही. धारेवरचा दाब पात्याला आणखी उघडण्याच्या दिशेने ढकलतो आणि तो दाब मुठीतली थांब-पिन किंवा पात्याच्या बुडाचा टेकू झेलतो. पाते मिटण्याच्या दिशेने जोर आला तरच लॉकला काम पडते, म्हणजे टोक खुपसताना, पाठीवर आघात झाल्यास, किंवा अडकलेले पाते उचकटून काढताना. आपल्या कामगाराने नेमके हेच शेवटचे केले. दिवसभर हजार काप घेताना ज्या लॉकची एकदाही परीक्षा झाली नसेल, त्याची त्या एका क्षणी पुरी परीक्षा झाली.

आता तरफेचा हिशेब पाहा. समजा पात्याच्या पाठीवर, खिळीपासून (ज्या पिनेभोवती पाते फिरते ती) ७ सेंटिमीटर अंतरावर, १० किलोचा जोर आला आणि लॉकचा टेकू, म्हणजे लॉक पात्याला जिथे टेकते ती जागा, खिळीपासून ७ मिलिमीटरवर आहे. मग त्या टेकूवर १०० किलोइतका भार येतो, आणि तोही नखाच्या कोपऱ्याएवढ्या जागेवर. हाच हिशेब उलटा केला की झीज का घातक आहे ते कळते, कारण लॉकच्या जागी ०.१ मिलिमीटरची फट पडली तर पात्याच्या टोकाशी १ मिलिमीटरचा खेळ जाणवतो. म्हणून टोकाशी खेळ जाणवू लागलेला चाकू ‘अजून चालतोय’ म्हणून वापरत राहू नये.

लायनर लॉकचे आजचे रूप अमेरिकी कारागीर मायकेल वॉकर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवले. मुठीच्या आतल्या पातळ पत्र्याचा एक भाग स्प्रिंगसारखा आत वाकून पात्याच्या बुडामागे येतो आणि बुडाच्या तिरकस कापलेल्या पृष्ठभागावर पाचरीसारखा बसतो. ही तिरकस बहुधा ७ ते ९ अंशांच्या आसपास ठेवतात आणि तिच्यामागे घर्षणाचे साधे गणित आहे. किंचित ओशट पोलादावर पोलादाचा घर्षणांक ०.१५ धरला तर सुमारे ८.५ अंशांपर्यंतची पाचर स्वतःहून घसरत नाही. मात्र तेल जास्त झाले आणि घर्षणांक ०.१ वर आला, तर ही मर्यादा ५.७ अंशांवर उतरते. याचा अर्थ असा की तेल खिळीला द्यावे, लॉकच्या टेकूला देऊ नये. टेकू फडक्याने कोरडा पुसून ठेवावा. पुष्कळ जण चाकूची निगा राखण्याच्या हौसेने सगळीकडे तेल सोडतात आणि ज्या घर्षणावर लॉक टिकून असते तेच कमी करून बसतात.

दुसरे कारण पिळाचे आहे. आपण अंगठ्याने पाठ दाबून पाहिली तेव्हा जोर सरळ रेषेत होता. खुंटात अडकलेले पाते सोडवताना मनगट थोडे तरी वळतेच आणि त्या पिळाने मूठ व पाते एकमेकांच्या प्रतलातून किंचित ढळतात. लायनर लॉकचा पत्रा मुळात बाजूला सरकण्यासाठीच बनवलेला असल्यामुळे हा पीळ त्याला सुटण्याच्या दिशेने ढकलू शकतो. शिवाय घट्ट मुठीत धरल्यावर बोटाचे मांस पत्र्याच्या उघड्या कडेवर दाबले जाते, ते वेगळेच. सरळ दाबाला उत्तम टिकणारे लॉक पिळाला सुटू शकते, आणि मोकळ्या हातात केलेल्या तपासणीत हे दिसत नाही.

फ्रेम लॉक हे त्याचेच थोरले रूप आहे. क्रिस रीव्ह यांनी १९८७च्या सुमारास सेबेन्झा या चाकूत ते आणले. त्यात मुठीची एक बाजूच लॉकची पट्टी होते, त्यामुळे उजव्या हाताने धरले की मूठ आवळण्याचा जोर पट्टीला आणखी आत दाबतो आणि लॉक पक्के होते. डावखुऱ्या माणसाला मात्र नेहमीच्या उजव्या बांधणीत हा फायदा मिळत नाही. आपल्याकडे डावखुरे कामगार असतील तर एवढे लक्षात ठेवावे.

बॅक लॉक म्हणजे १९६४च्या बक ११० या चाकूने घरोघरी पोहोचवलेला प्रकार. मुठीच्या पाठीवरच्या दांडीचा आकडा पात्याच्या बुडाच्या खाचेत पडतो. पीळ तो बराच सहन करतो. अँड्र्यू डेम्को यांनी कोल्ड स्टील या चाकू-कंपनीसाठी केलेल्या ट्राय-अॅडमध्ये दांडी आणि पाते यांच्यामध्ये एक पिन घातली आहे. भार त्या पिनवर जातो, दांडीच्या छोट्या खिळीवर येत नाही, म्हणून निव्वळ ताकदीत तो फार वरचा मानला जातो.

तरीही ‘सर्वांत ताकदवान लॉक कोणते’ हा प्रश्न मी आपल्या जागी पहिला विचारणार नाही. ताकद म्हणजे पूर्ण बसलेले लॉक किती भाराला तुटते. भरवसा म्हणजे चिकाने माखलेल्या ओल्या हातात, संध्याकाळी पाच वाजता, ते दर वेळी पूर्ण बसते का. अपघात बहुतेक करून या दुसऱ्या बाबतीत होतात.

उत्तर: रानवाट

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी स्वतः घाटमाथ्यावर रानात फिरताना आणि थोडी बाग राखताना घडीचे चाकू वापरत आलो आहे, त्यावरून दोन गोष्टी जोडतो.

आंब्याचा चीक हा इथला खरा शत्रू आहे. तो वाळला की कडक थर होतो आणि बॅक लॉकच्या खाचेत तो थर किंवा सालीचा तंतू बसला, तर आकडा पूर्ण खाली उतरत नाही. ‘खट्’ आवाज येतो, पण लॉक अर्धेच लागलेले असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. चाकू उघडल्यावर दांडीचे टोक पाठीच्या रेषेत सपाट बसले पाहिजे. ते जरा जरी वर राहिले असेल तर चाकू वापरू नये. बॅक लॉकची खाच खोल आणि बंद असते, तर लायनर लॉक पाठीकडून उघडे असल्याने डोळ्यांना दिसते आणि जुन्या दातब्रशने साफही होते. ताकदीत मागे असलेला प्रकार स्वच्छतेत असा पुढे जातो. रोज काम संपल्यावर कोमट साबणपाण्याने धुऊन, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, पूर्ण कोरडा करून ठेवावा. स्पिरिटने कलमांमधला रोगप्रसारही कमी होतो, म्हणून आपल्याकडे ती बाटली असेलच.

तपासणीबद्दल एक कळकळीची विनंती आहे. चाकूची पाठ टेबलावर जोराने आपटून लॉकची परीक्षा घेण्याची पद्धत काही ठिकाणी दाखवली जाते. तसे करू नये. आघाताने चांगले लॉकही दर खेपेस थोडे झिजते आणि हाती विश्वासार्ह माहिती लागत नाही. धारेला जाड चिकटपट्टी गुंडाळावी, बोटे पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवावीत, आणि पाठीवर हळूहळू दाब वाढवत त्याच वेळी मनगटाने हलका पीळ द्यावा. लॉक सरकताना दिसले तर तो चाकू बाजूला काढावा.

ओपिनेलचा विचार केला आहे का? फ्रान्सच्या सावोय प्रांतात १८९० पासून बनणाऱ्या या साध्या चाकूला १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी विरोब्लॉक नावाचे फिरते पोलादी कडे बसवले. पाते उघडून कडे फिरवले की मिटण्याची वाटच अडते. त्यात बाजूला सरकणारा पत्रा नाही, खाच नाही, आणि कडे फिरले आहे की नाही हे लांबूनही दिसते. देखरेख करणाऱ्यासाठी हे शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते. छाटणीसाठी बाकदार पात्याचा ८ क्रमांकाचा प्रकारही मिळतो. मात्र कडे हाताने फिरवावे लागते आणि घाईत ते राहून जाते, तेव्हा सवय लावून घेणे आलेच.

उत्तर: लेस्टरचा_पाहुणा

मी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहतो आणि इथली बाजू वेगळी असल्यामुळे लिहितो. इथे १९८८च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टप्रमाणे ३ इंचांपर्यंत धार असलेला घडीचा खिशातला चाकू सबळ कारणाशिवायही जवळ बाळगता येतो. मात्र १९९३च्या हॅरिस खटल्यापासून न्यायालयाने स्पष्ट केले आहे की लॉक लागणारा चाकू या सवलतीत बसत नाही. त्यामुळे इथले असंख्य लोक रोजच्या वापराला लॉक नसलेला, केवळ पाठीच्या स्प्रिंगने उघडा राहणारा चाकू ठेवतात. व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटरचा सुपरिचित लाल चाकू तसाच आहे, आणि इथले बरेचसे कलम-चाकूही तसेच असतात.

यातून एक शिस्त अंगी बाणते. पाते केव्हाही मिटू शकते हे हाताला ठाऊक असल्यामुळे माणूस उलट्या दिशेने जोर लावतच नाही. लॉक असलेल्या चाकूवरही तीच शिस्त पाळली, तर लॉक हा दुसरा बचाव राहतो, पहिला नाही. आपल्या कामगारांना हे शिकवण्यावर जास्त भर द्यावा असे मला मनापासून वाटते.

भारतापुरते सांगायचे तर शस्त्र नियम, २०१६ मधली मर्यादा ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची आहे आणि शेती व घरकामाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना चाकू खिशात घालून बाजारात जाऊ नये. तो बागेतच ठेवावा.

पुन्हा: खुंटकाडी

सर्वांचे मनापासून आभार. तेलाची गोष्ट वाचून मी लगेच आमचे चाकू पाहिले. लॉकच्या टेकूंवर खरोखरच तेलाचा थर होता, कारण पावसाळ्यात गंज येऊ नये म्हणून आठवड्याला चाकू तेलात बुचकळण्याची आमच्याकडे रीत आहे. आणखी दोन शंका आहेत. कोय कलमाला जोर लागतच नाही, पण जुन्या झाडांवर पाचर कलम करताना काय वापरावे? आणि ओपिनेलची लाकडी मूठ कोकणच्या पावसात टिकेल का?

उत्तर: टूलरूम_भोसरी

पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्ट आहे. जुन्या झाडाच्या जाड खुंटात चीर देण्यासाठी घडीचा चाकू वापरूच नये, मग त्याचे लॉक कितीही नावाजलेले असो. तिथे जाड पाठीचा, म्यानात राहणारा सरळ चाकू घ्यावा आणि चीर उघडी ठेवण्यासाठी लाकडी पाचर ठोकावी, म्हणजे पाते उचकटण्याची वेळच येणार नाही. घडीचा चाकू फक्त कलमाच्या काडीला तिरकस काप देण्यासाठी आणि कोवळ्या कोय कलमांसाठी ठेवावा. त्या कामात भार जवळजवळ सगळा धारेच्या बाजूने येतो, आणि तिथे लायनर लॉकही पुरेसे आहे. पाते कधी अडकलेच तर ते वरखाली न हलवता, चीर दुसऱ्या हाताने पाचरीने उघडून, आले त्याच रेषेत मागे ओढून काढावे.

दुसऱ्या शंकेबद्दल सांगायचे तर बीच लाकडाची मूठ ओलाव्याने फुगते आणि पाते इतके आवळते की नखाने उघडत नाही. त्यासाठी कडे मोकळे करून मुठीचा मागचा भाग कठीण जागी हलकेच ठोकण्याची सावोयी लोकांची जुनी रीत आहे; त्याने पाते थोडे बाहेर येते. पण ओल्या हातांनी रोज हे करणे मला योग्य वाटत नाही. ओपिनेलच्याच काही चाकूंना फायबर मिसळलेल्या प्लास्टिकची मूठ येते, ती आपल्या पावसाला बरी. पातेही कार्बन पोलादाचे न घेता स्टेनलेस घ्यावे. कार्बन पोलादाला धार सुरेख लागते, पण आपल्याकडच्या दमटपणात त्याला सतत तेल द्यावे लागेल आणि ते तेल पुन्हा नको तिथे पोहोचेल.