दीड वर्ष बंद असलेले ज्वारीचे पेव उघडायचे आहे, कोणती काळजी घ्यावी?

गोदाकाठ (परभणी)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव गंगाखेड तालुक्यात आहे. गेल्या वर्षीच्या चैत्रात वडिलांनी वाड्याच्या अंगणातील पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतील खड्ड्यात, सुमारे ३० क्विंटल शालू ज्वारी भरली, तोंडावर शिळा ठेवून मातीने लिंपून घेतले, आणि त्याच पावसाळ्यात ते गेले. तेव्हापासून पेव कोणी उघडलेले नाही. आता दिवाळीनंतर ते रिकामे करायचे आहे. चुलते म्हणतात की तोंड रात्रभर उघडे ठेवावे, सकाळी दोराने कंदील सोडावा आणि तो तेवत राहिला की गड्याला उतरवावे. आमचा सालगडी तयारही आहे. परंतु त्याची तीन लेकरे लहान आहेत, आणि मी स्वतः कधी पेवात उतरलेलो नसताना ते काम त्याला सांगायला माझे मन धजत नाही.

दुसरा प्रश्न तुरीचा आहे. आतल्या खोलीत पत्र्याच्या कोठीत चार क्विंटल तूर आहे आणि तिला भुंगा लागू लागला आहे. शेजारी सल्फासच्या गोळ्या टाकायला सांगतात. त्याच खोलीत आई आणि मुले झोपतात.

माजलगावकर (बीड)

दादा, गड्याला उतरवू नका. मी आठवीत असताना आमच्या घरी हेच घडले. सकाळी कंदील सोडला होता आणि तो तेवतही होता, पण दोर आखूड असल्याने तो गळ्याच्या थोडा खाली जाऊन थांबला, तळापर्यंत गेलाच नाही. दुपारपर्यंत वरची ज्वारी बादल्यांनी काढली आणि मग गडी आत उतरला. दोन पाट्या भरून त्याने वर दिल्या, तिसरी आलीच नाही. हाकेला उत्तर नाही म्हणून माझे धाकटे चुलते दोर न बांधता तसेच खाली गेले आणि तेही तिथेच राहिले. तिसरा माणूस पाय आत सोडून बसला होता, त्याला आजीने धोतराला धरून मागे ओढले. दोघेही गेले. त्या दिवशी कोणीही निष्काळजी नव्हते, सगळ्यांनी परंपरेने सांगितलेली काळजी घेतली होती, म्हणूनच हे मुद्दाम लिहीत आहे.

जुना गोदामवाला (लातूर)

माझी २२ वर्षे धान्याच्या गोदामात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पेवातील दाणा श्वास घेत असतो. त्यातील टोके, म्हणजे धान्याचे किडे, श्वास घेतात, आणि पावसाळ्यात भिंतीतून ओल शिरली असेल तर बुरशी त्या दोघांहून अधिक प्राणवायू खाते. तोंड लिंपलेले असल्यामुळे आतला प्राणवायू संपत जातो, त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने किडे मरतात आणि ज्वारी टिकते. म्हणजे ज्या हवेमुळे धान्य राखले जाते, त्याच हवेत माणसाला उतरवायचे असा हा प्रकार आहे. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेलेल्या जागी माणसाची शुद्ध काही क्षणांत हरपू शकते आणि ओरडायलाही उसंत मिळत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो. पेवाचे तोंड अरुंद आणि पोट मोठे असल्याने रात्रभर तोंड उघडे ठेवले तरी तळाचा वायू आपणहून वर येत नाही.

कंदिलाची ज्योत साधारणपणे १६ टक्क्यांच्या आसपास विझते. तोवर माणसाचे हातपाय आणि विचारशक्ती मंदावू लागलेली असते. शिवाय ती ज्योत फक्त त्या क्षणाची आणि कंदील जेवढा खाली गेला तिथलीच हवा सांगते. वडिलांनी भरताना गोळ्या टाकल्या होत्या का, हे आईंना अवश्य विचारा, कारण सल्फासमधून निघणारा विषारी वायू फॉस्फिन आत असला तरी कंदील खुशाल तेवत राहतो.

माझे मत असे की माणूस न उतरवता जेवढी ज्वारी काढता येईल तेवढी वरूनच काढावी. दोर-बादली, लांब दांड्याचे खोरे, किंवा धान्य हवेने ओढून घेणारे यंत्र भाड्याने मिळाले तर उत्तमच. तळाशी उरलेल्यासाठी उतरणे भागच पडले, तर विजेच्या उफणणी पंख्याला जाड प्लॅस्टिकची नळी बांधून तिचे टोक तळापर्यंत सोडावे, तासभर ताजी हवा आत ढकलावी आणि माणूस आत असेपर्यंत पंखा बंद करू नये. पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन तोंडाजवळ आणू नये, त्याचा धूर आत गेला तर आणखी एक विष वाढते. उतरण्याआधी प्राणवायू मोजण्याचे यंत्र दोरीने तळापर्यंत सोडून पाहावे आणि १९.५ टक्क्यांपेक्षा कमी आकडा आला तर उतरू नये. नगरपालिकेच्या अग्निशमन दलाकडे असे यंत्र आहे का, याची चौकशी करा. ही तपासणी रोज सकाळी आणि प्रत्येक सुट्टीनंतर नव्याने करायची, कारण ओलसर ज्वारी रात्रभरात पुन्हा प्राणवायू खाते. उतरणाऱ्याच्या छातीला आणि मांड्यांना पट्टा हवा, दोर वर पक्का बांधलेला हवा आणि ओढायला किमान दोन माणसे सतत हजर हवीत. तो कोसळला तर वरूनच ओढायचे, मागोमाग कोणीही उतरायचे नाही.

आणखी एक धोका असा की ओलीमुळे ज्वारीचा थर कडक होऊन भिंतीसारखा उभा राहतो. त्याच्या पायथ्याशी उकरणाऱ्यावर तो कोसळतो, आणि कमरेपर्यंत धान्यात रुतलेला माणूस नुसत्या हातांनी ओढून निघत नाही. म्हणून नेहमी वरून खाली उकरावे.

उमरगेकर (धाराशिव)

आमच्याकडे तीन पिढ्या कंदील लावूनच पेव उघडले आणि कोणालाही काही झाले नाही. एवढी यंत्रे लहान शेतकऱ्याने कुठून आणायची?

जुना गोदामवाला (लातूर)

उमरगेकर काका, तुमचे वडीलधारे पेव दरवर्षी उघडत असतील, ओल लागू देत नसतील आणि माणूस उतरण्याआधी आत हवाही खेळवत असतील. इथे दीड वर्ष बंद पेव आहे, मधे दोन पावसाळे गेले आहेत. यंत्र मिळालेच नाही तर उतरू नये, एवढाच माझा आग्रह आहे. तळाची दोन क्विंटल ज्वारी सोडून देण्याची ऐपत प्रत्येकाची असते.

सिस्टर ताई (नांदेड)

मी तालुक्याच्या रुग्णालयात परिचारिका आहे. तुरीच्या प्रश्नाकडे कोणाचे लक्ष गेले नाही, म्हणून लिहिते. ती गोळी कृपा करून घरात आणू नका. तीन ग्रॅमची एक गोळी हवेतील ओलाव्याने साधारण एक ग्रॅम फॉस्फिन सोडते. पत्र्याच्या कोठीचे झाकण हवाबंद नसते, त्यामुळे तो वायू खोलीत उतरतो आणि झोपलेल्या लेकरांना आधी बाधतो. त्याला लसणासारखा किंवा सडक्या माशांसारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणून धोका नाही असे समजू नये. त्यावर उतारा नाही. आम्ही फक्त श्वास आणि हृदय सांभाळत राहतो. नियमाप्रमाणे ही गोळी सरकारी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली किंवा परवानाधारक कीड नियंत्रकांनीच वापरायची असते, आणि १० व २० गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ पासून बंदी आहे. कोणाला बाधा झाल्याची शंका आली तर आधी मोकळ्या हवेत न्या, कपडे बदला आणि १०८ ला फोन करा.

तुरीसाठी सोपा मार्ग आहे. कडक उन्हात पातळ पसरून, दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवा, चाळून भुंगा वेगळा करा आणि हवाबंद जाड पिशव्यांत भरून तोंड घट्ट बांधा. जुना गोदामवाला यांनी पेवाचे जे तत्त्व सांगितले तेच तिथे काम करते, फक्त कोणाला आत उतरावे लागत नाही.

गोदाकाठ (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. माजलगावकर यांचा अनुभव चुलत्यांना वाचून दाखवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले की वरून निघेल तेवढे काढू, बाकीचे राहू दे. आईला विचारले, वडिलांनी गोळ्या टाकल्या नव्हत्या, कडुलिंबाचा पाला मात्र घातला होता. तूर उद्यापासून माळवदावर वाळत घालणार आहोत. आता एवढेच विचारायचे राहिले: भिंतीलगतची काळी पडलेली, उग्र वासाची ज्वारी जनावरांना चालेल का?

जुना गोदामवाला (लातूर)

चालणार नाही. बुरशीचे विष जनावरांनाही बाधते, गाभण म्हशीला तर अजिबात घालू नका. ती पुरून टाका. उकरताना भुकटी उडते, म्हणून वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभे राहा आणि नाकातोंडावर ओला रुमाल दुहेरी बांधा. रिकाम्या झालेल्या पेवाचे तोंड त्याच दिवशी शिळेने झाका. अंगणात लेकरे खेळतात.