तीथलची वाळू राखायची, पण कोणासाठी?

दांडियाबाजारकरीण
गेल्या रविवारी आम्ही तिघी बहिणी मुलांना घेऊन वलसाडजवळच्या तीथलच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. वडोदऱ्याहून वलसाड दोनेकशे किलोमीटर. पहाटेची गाडी, पुढे रिक्षा. किनाऱ्यावर तिकीट नाही, म्हणून सरकारी वहीत त्या वाळूची किंमत शून्य. पण गाडीभाडं, रिक्षा, भजी, मक्याची कणसं, उंटाची फेरी आणि नऊ माणसांचा सबंध दिवस, हे सगळं आम्ही त्या काळ्या वाळूपायीच घातलं ना? अर्थशास्त्रज्ञ जागेची किंमत अशीच काढतात: लोक किती लांबून, किती खर्च सोसून येतात ते पाहायचं. हॅरॉल्ड होटेलिंगने १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांसाठी ही वाट सुचवली होती.

१९०१ ते २०१८ मध्ये जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटर चढली, म्हणजे एक वीत. पण किनारा सपाट असतो. पाणी वीतभर चढलं की वाळू कित्येक मीटर मागे जाते. देशाचा जवळपास एक तृतीयांश किनारा झिजतो आहे. माझं म्हणणं सरळ आहे: तीथल, उभराट, दांडी राखायला सरकारने आत्ताच पैसा घालावा. वाळू गेल्यावर तो उंटवाला आणि भजीवाली कुठे जाणार?

रावपुऱ्यातला
ताई, ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या वडोदऱ्याची विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा माझ्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. आईला शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेलं. वातावरण बदलावर खर्चायला पैसा असेल तर आधी नदीचा गाळ, नाले, पूररेषेतली बांधकामं बघा. सहल ही गरज नव्हे.

आणि तुमच्या हिशेबात एक भोक आहे. तीथल गेलं तर तुम्ही घरी बसणार नाही, दमणला जाल. मग तुमचं नुकसान पूर्ण खर्चाएवढं कसं? फार तर दोन किनाऱ्यांतल्या फरकाएवढं.

दांडियाबाजारकरीण
पुराचं दुःख मला ठाऊक आहे, आमच्याही जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं. पण दमणचा समुद्र वेगळा थोडाच आहे? झीज सगळीकडेच होत गेली तर पर्याय तरी कुठला उरतो? एकट्या तीथलचा हिशेब मांडला तर नुकसान लहान दिसतं, सगळा किनारा धरला की ते फुगतं.

वलसाडची माहेरवाशीण
मला दोघांशीही भांडायचं आहे. प्रवासखर्चावरून किंमत काढली की वडोदऱ्याहून येणारे नऊ जण भारी ठरतात. माझे काका रोज संध्याकाळी पायी वाळूवर जायचे, कोळ्यांची पोरं तिथेच खेळतात, बायका तिथे मासळी वाळवतात. त्यांचा प्रवासखर्च शून्य, म्हणजे त्यांची किंमतही शून्य? ही पद्धत पाहुण्याला मोजते, घरच्याला विसरते. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ आलं तेव्हा किनारा पर्यटकांना बंद झाला. तुमची सहल पुढे ढकलली गेली, काकांच्या शेजारच्यांच्या होड्या मात्र बसून राहिल्या.

कारेलीबागचा निवृत्त इंजिनीअर
‘पैसा घालावा’ म्हणताना कशात, ते बोला. आपल्याकडे किनारा राखणे म्हणजे दगडी भिंत. ती मागची घरं वाचवते, हे खरं. पण लाट भिंतीवर आपटून परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंत जिथे संपते तिथून शेजारच्या गावाची जमीन खचू लागते. ताई ज्या वाळूसाठी गेल्या तीच आधी जाते! करमणुकीच्या नावाने भिंत मागणं म्हणजे विहीर राखायला ती बुजवण्यासारखं आहे.

सगळा दोष समुद्राचाही नाही. वाळू नदी आणते. तापीवर १९७२ मध्ये उकाई धरण झालं, नर्मदेवर सरदार सरोवर. धरणामागे पाण्याबरोबर गाळही अडतो. तो गाळ मिळेनासा झाला की किनाऱ्याची भूक भागत नाही. पुद्दुचेरीत १९८० च्या दशकात बंदराच्या बांधांनी वाळूची वाट अडवली आणि शहराचा किनारा गेला. पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा बांध घातला आणि वाळू परत साठली. पर्याय आहेत, पण ते जागेजागेनुसार ठरवावे लागतात.

दांडियाबाजारकरीण
भिंतीचं पटलं, ते मागणं मागे घेते. माहेरवाशीणबाईंचंही पटलं, काकांची संध्याकाळ माझ्या वहीत नव्हती. मग निदान एवढं तरी करा: वाळूला मागे सरकायला जागा सोडा. पुढे समुद्र आणि मागे हॉटेल, मध्ये वाळू राहणार कुठे? २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. तो पुन्हा रुंद करा. त्यासाठी नदीच्या कामाचा एक रुपयाही इकडे वळवावा लागत नाही.

रावपुऱ्यातला
याला माझा विरोध नाही. विश्वामित्रीच्या काठालाही मी हेच मागतो आहे. पण फुकट म्हणू नका. त्या दीडशे मीटरमध्ये कोणाची तरी वाडी आहे, कोणी कर्ज काढून चार खोल्या बांधायला घेतल्या आहेत. त्यांना काय द्यायचं, ते आधी ठरवा.