जुने व्हीसीआर दुरुस्त करावेत की स्वस्तातला एक विकत घ्यावा?

चारुता_ठाणे
घरात दोन व्हीएचएस व्हीसीआर पडून आहेत. एक टेप खातो: कॅसेट बाहेर येते, पण टेपचा वळसा आत अडकलेला असतो. दुसऱ्यात आवाज स्वच्छ, पडद्यावर मात्र नुसत्या मुंग्या. तीसेक कॅसेट आहेत, लग्नं-मुंजींच्या, त्यातल्या चार अमेरिकेतून आलेल्या. सगळ्या एकदाच संगणकावर उतरवायच्या आहेत. दुरुस्तीत पैसे घालावेत, की दोन-तीन हजारांत वापरलेला व्हीसीआर घ्यावा?

सोल्डरगन
आधी दुरुस्ती. दोन्ही लक्षणं बहुधा किरकोळ बिघाडाची आहेत आणि विकत आणलेल्या यंत्रातही हीच निघू शकतात. अखेरपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या फुनाईनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे सीलबंद खोक्यातल्या यंत्राचं रबरही आता जुनंच, आणि रबर न वापरता नुसतं ठेवलं तरी कडक होतं.

आवाज आहे पण मुंग्या येतात, म्हणजे बहुतेक व्हिडिओ हेडवर (टेपवरचं चित्र वाचणाऱ्या टोकांवर) टेपची भुकटी बसली आहे. प्लग काढून झाकण उघडा. पॉवर सप्लायच्या भागाला हात लावू नका, तिथल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात. साध्या कोऱ्या कागदाची पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला) हलकेच टेकवा. पट्टी स्थिर धरा आणि ड्रम वरून बोटाने सावकाश फिरवा. वर-खाली अजिबात घासू नका, हेडची फेराइटची टोकं तुटतात. कानकोरणीचा कापूस इथे नको, धागे अडकतात. कॅपस्टन (टेप पुढे नेणारा बारीक फिरता दांडा) आणि आवाजाच्या हेडला तो चालतो. पूर्ण सुकल्यावरच कॅसेट घाला. दोन-तीनदा पुसूनही मुंग्या गेल्या नाहीत तर हेड झिजलेला असू शकतो. ड्रम बदलण्याइतका खर्च मीही करायला सांगणार नाही.

टेप खाणाऱ्यात बहुधा आयडलरचं (टेप गुंडाळणारी चकती फिरवणाऱ्या चाकाचं) रबर गुळगुळीत झालंय किंवा बेल्ट सैल पडलाय. कॅपस्टन टेप पुढे ढकलतो, पण ती गुंडाळणारी चकती फिरत नाही, म्हणून वळसा साचतो. जुन्या बेल्टचा आतला घेर मोजा आणि नवा साधारण पाच टक्के लहान घ्या, कारण जुना ताणलेला असतो. पिंच रोलर (टेप कॅपस्टनवर दाबून धरणारं रबरी चाक) चकचकीत दिसला तर तोही बदला, नाहीतर टेप वर सरकून कडा चुरगळतात.

जुनाबाजार_पुणे
वरचं पटतं, पण प्लास्टिकचे गिअर तुटले असतील किंवा सप्लाय मेला असेल तर दुसरा घेणंच बरं. घेताना यंत्र लावून बघा. जुन्या बाजारात किंवा लॅमिंग्टन रोडला जाताना गमावली तरी चालेल अशी कॅसेट सोबत न्या. पंधरा मिनिटं चालवा, पुढे पळवा, मागे पळवा, मधेच थांबवून बाहेर काढा. मग कॅसेटची झडप उचलून टेपची कड तपासा. सुरकुती दिसली तर यंत्र तिथेच सोडा. कॅसेट आत घेऊन लगेच बाहेर टाकणाऱ्या यंत्रात बहुतेकदा मोड स्विच (यंत्रणा कुठल्या स्थितीत आहे ते कळवणारा) कळकटलेला असतो. तो साफ होतो, पण त्यासाठी खालची सगळी यंत्रणा सोडवावी लागते. रेकॉर्ड करायचं नसेल तर नुसता व्हीसीपीही (फक्त कॅसेट चालवणारं यंत्र) पुरतो.

चारुता_ठाणे
अमेरिकेच्या कॅसेट याच यंत्रांत चालतील ना? आणि काही कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरट ठिपके दिसताहेत.

सोल्डरगन
पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती येतेच. त्या कॅसेट आज वेगळ्या काढा. एक जरी चालवली तरी बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. त्या सगळ्यात शेवटी, साफ करून, आणि शक्यतो एका वेगळ्या यंत्रावर घ्यायच्या. दुसरा स्वस्त व्हीसीआर खरा इथे कामाला येतो.

अमेरिकन कॅसेट एनटीएससी (तिथली टीव्ही पद्धत; आपली पाल) असतात. आपल्याकडच्या काही यंत्रांवर ‘एनटीएससी प्लेबॅक ऑन पाल टीव्ही’ लिहिलेलं असतं. त्यातून टीव्हीवर चित्र दिसतं, पण तो मिश्र सिग्नल असतो आणि बरीच कॅप्चर कार्डं (चित्र संगणकात घेणारी) तो नीट घेत नाहीत. खरा एनटीएससी सिग्नल देणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर चार कॅसेटपुरता कुणाकडून उसना मिळवा. अमेरिकेतून थेट आणलेला असेल तर ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय प्लगात घालू नका.

आपल्या पाल कॅसेट ७२० गुणिले ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या) अशाच उतरवा. डीव्ही फॉरमॅटला तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. उतरवलेली फाइल शेवटपर्यंत तपासल्याशिवाय मूळ कॅसेट टाकू नका.