मदत हवी आहे: काठावरून बास माशासाठी कोणतं आमिष?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहतो. इथल्या लेडी बर्ड लेकवर पेट्रोल इंजिनाच्या बोटींना बंदी आहे आणि तळ्याभोवती सुमारे १० मैलांची पायवाट आहे, त्यामुळे काठावरून गळ टाकणाऱ्यांसाठी जागा फार सुंदर. लार्जमाउथ बासही भरपूर. अडचण आहे ती आमिषांची.

काठालगत पाणगवत दाट आहे. उघडे तिहेरी गळ असलेला क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कडक नकली आमिष) ओढला की माशाऐवजी गवताचा पुंजकाच वर येतो. म्हणून सध्या टेक्सास रिग नावाची जोडणी वापरतो: प्लास्टिकचा गांडूळ, पुढे गोळीसारखं शिसं, गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपवलेलं. तो कमी अडकतो. पण बोटीवरून बहुतेकजण काठाकडे फेकून खोल पाण्याकडे ओढतात, आपलं नेमकं उलट, खोलातून चढावर. अशा वेळी पाव औंसाचं शिसं ठेवावं की १/८ औंस पुरे? की शिसं काढूनच टाकावं आणि आमिष हळू बुडू द्यावं?

दुसरं, गवताच्या थरावरून पोकळ रबरी बेडूक ओढायचा आहे. माझी काठी मध्यम ताकदीची, तंगूस १० पौंड ताण सोसणारा. यावर बेडूक चालेल, की जाड विणलेली दोरी आणि कडक काठी घ्यावीच लागेल? गवतात शिरलेला मासा दोरी तोडून तोंडात गळ घेऊन गेला, तर मला ते अजिबात नको आहे. मी सगळे मासे परत सोडतो.

पावसानंतर पाणी गढूळ झालं की आमिषाचा रंग काळा-निळा आणि एरवी हिरवट, हे बरोबर ना? टेक्सासकरांनी जरूर सांगा.